मिरजकरांची एक दिवसाची मुंबई

सोमवार

कोल्हापूरची महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी साडेसातच्या आसपास बोरीबंदरला, म्हणजे आताच्या सीएसएमटीला, लागते आणि रात्री आठ-वीसला परतीची सुटते. मधले बारा-तेरा तास म्हणजे सांगली-मिरज-कोल्हापूरकडच्या माणसांची मुंबई. मंत्रालयातलं काम, हायकोर्टाची तारीख, टाटात दाखवायचं, लग्नाचा बस्ता, सगळं त्या तासांत बसवायची तिकडची जुनी रीत आहे. रात्र गाडीत, दिवस मुंबईत, पुन्हा रात्र गाडीत. हॉटेलचा खर्च नाही आणि कुणाच्या दोन खोल्यांत जाऊन अडचण करणं नाही.

मिरजेच्या मामांचा फोन आला तो ह्याच हिशोबाचा. "भाऊबीज झाली की पुढच्या गुरुवारी येतो. मी, मामी आणि सई. कामबिम काही नाही, नुसती मुंबई बघायची. तू ठरव."

तू ठरव म्हणाले आणि लागलीच स्वतःची यादी वाचायला घेतली. गेटवे, घारापुरी, म्युझियम, राणीची बाग, मत्स्यालय, हाजी अली, महालक्ष्मी, सिद्धिविनायक, सी-लिंक, जुहू. मामींचा मागून आवाज आला, "आणि म्हातारीचा बूट." सातवीत असताना त्यांची सहल आली होती, तेव्हाचा, मलबार हिलवरच्या बागेतला बूट. सई आता सहावीत आहे. तिनं फोन ओढून घेतला आणि शाहरुखचा बंगला यादीत घातला.

मामा रयत शिक्षण संस्थेतून इतिहासाचे मास्तर म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या यादीतलं नाव खोडायचं तर कारण द्यावं लागतं, आणि कारण चुकीचं असलं तर ते सापडतं.

मंगळवार, बुधवार

एका दिवसात मुंबई बघायला येणारे बहुतेक लोक नकाशात वरखाली धावतात. सकाळी सिद्धिविनायक, मग गेटवे, मग जुहू, मग पुन्हा गाडीसाठी बोरीबंदर. कुलाब्यापासून जुहू वीस किलोमीटरच्या वर आहे, आणि संध्याकाळी ते अंतर किलोमीटरात मोजत नाहीत, तासांत मोजतात. असा माणूस घरी जाऊन सांगतो की मुंबईत काय, नुसतं ट्रॅफिक. बरोबरच आहे, त्यानं तेवढंच पाहिलेलं असतं. मुंबई दर्शनच्या बसलाही माझा ह्याच कारणासाठी विरोध. खाली उतरून फोटो काढेपर्यंत वर चढायची शिट्टी होते.

त्यापेक्षा मुंबई आडवी बघावी. दक्षिणेला हे बेट इतकं अरुंद आहे की पूर्वेच्या बंदरापासून पश्चिमेच्या समुद्रापर्यंत रमतगमत चालत जाता येतं. गेटवेचं तोंड बंदराकडे, म्हणजे सकाळचं ऊन त्याच्यावर. मरीन ड्राइव्हचं तोंड मावळतीला. सूर्य ज्या बाजूला त्या बाजूला आपण, एवढं धरलं की दिवसाचा आराखडा आपोआप पडतो. सकाळी गेटवे आणि तिथून लाँचनं घारापुरी, टळटळीत दुपारी म्युझियमच्या जाड भिंतींच्या आत, उन्हं उतरल्यावर हुतात्मा चौक आणि ओव्हल, सूर्यास्ताला मरीन ड्राइव्ह. तिथून बोरीबंदर हाकेच्या अंतरावर. दिवाळी झाली तरी ऑक्टोबर हीट सरली नव्हती, त्यामुळे दुपारचं म्युझियम हा काही शोभेचा भाग नव्हता.

मामांना मी दोन दिवस फोनवर पटवत होते. मत्स्यालय गेली काही वर्षं बंदच आहे, ते लगेच गेलं. राणीची बाग भायखळ्याला, वाट वाकडी करावी लागते. सिद्धिविनायकला आता भुयारी मेट्रोनं जाता येतं, पण गुरुवारी का होईना रांग ती रांगच, आणि रांगेचा अंदाज कुणी देऊ शकत नाही. मामी म्हणाल्या, "गणपतीला सांगून ठेवू, पुढच्या वेळी येतो म्हणून. तो काही रागवत नाही." जुहू आणि बंगला ह्यांवर सईशी वेगळी वाटाघाट झाली. लाँच आणि मेट्रो दोन्ही, ह्या बोलीवर ती मानली.

घारापुरी ठेवायची की नाही हाच खरा प्रश्न होता. एकटी घारापुरी अर्धा दिवस खाते. जायला तास, यायला तास, वर दीड-दोन तास. शिवाय वर चढायला सव्वाशेच्या घरात पायऱ्या, आणि मामींचे गुडघे. माझं मन म्युझियम आणि फोर्ट निवांत बघावं ह्या बाजूचं होतं. पण मामांनी आयुष्यभर वर्गात घारापुरीच्या लेण्यांचा धडा शिकवला होता, पुस्तकातल्या काळ्या-पांढऱ्या चित्रावरून. तिथं माझी काय टाप. घारापुरी राहिली. सोमवारी तिथली लेणी बंद असतात, गुरुवार त्या दृष्टीनं ठीक होता. उरलं एवढंच की पहिल्या लाँचमध्ये बसायचं. पहिली नऊला. साडेदहाच्या लाँचनं गेलं की परतायला अडीच-तीन वाजतात आणि मग दुपारनंतरचा सगळा कार्यक्रम घसरतो.

सूचना एवढ्याच दिल्या: बॅगेला कुलूप लावून आणा, कुलूप नसलेली बॅग स्टेशनवरच्या क्लोकरूममध्ये घेत नाहीत. परतीचं तिकीट हाताशी ठेवा. चपला नकोत, बूट घाला. मामींनी विचारलं, "दशम्या किती आणू?" हा प्रश्न वाटाघाटीचा नसतो.

गुरुवार

मुलुंडहून पहाटेची लोकल पकडून मी वेळेत पोचले. महालक्ष्मी दहा मिनिटं उशिरा आली. मामा पांढरा सदरा, मामी इरकल साडी आणि पायांत सुनेचे स्पोर्ट्स शूज, सई अर्धवट झोपेत. वेटिंग रूममध्ये तोंड धुणं, चहा, बॅग क्लोकरूममध्ये. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि सांगलीच्या भडंगाचं पाकीट मात्र मामींनी पिशवीत बरोबर घेतलं. बाहेर पडेपर्यंत सव्वाआठ.

लोक ह्या स्टेशनात उतरतात आणि मागे वळून न बघता निघून जातात. रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला उभं राहिल्याशिवाय ही इमारत दिसत नाही. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सची ही इमारत, बांधकाम १८७८ साली सुरू झालं. १८८७ मध्ये, राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवात, व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव दिलं गेलं. १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ मध्ये त्यात महाराज आले. महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच, १८९३ ची. म्हणजे एकाच माणसानं समोरासमोर दोन घरं बांधली आणि सव्वाशेहून जास्त वर्षं ती एकमेकींकडे बघत उभी आहेत. स्टेशनच्या फाटकाच्या एका खांबावर सिंह आणि दुसऱ्यावर वाघ, इंग्लंडचा सिंह आणि हिंदुस्थानचा वाघ. सईनं निकाल दिला की वाघ जास्त चांगला जमलाय.

मामांना मी कोपऱ्यावर जीपीओच्या बाजूला नेलं आणि वर बघा म्हटलं. त्यांनी क्षणभर पाहिलं. "हा तर गोलघुमट." तोच. जॉन बेग नावाच्या वास्तुविशारदानं मुंबईच्या मुख्य पोस्टाला, १९१३ मध्ये पुरं झालेल्या, विजापूरच्या वळणाचा घुमट दिला. मिरजेच्या माणसाला विजापूर म्हणजे शाळेच्या सहलीचं गाव. मामांनी किती पोरं त्या घुमटाखाली ओरडायला नेली असतील देव जाणे. ते खूष झाले आणि टॅक्सीत गेटवेपर्यंत प्रतिध्वनीवर बोलत राहिले. काळी-पिवळीचं कमीत कमी भाडं आता ३१ रुपये आहे. चौघांना बसपेक्षा फार महाग पडत नाही आणि गुडघे शाबूत राहतात.

गेटवेला पिशव्यांची तपासणी होते, त्याला दहा मिनिटं धरावीत. पाया ३१ मार्च १९११ ला घातला, पाचवा जॉर्ज डिसेंबरात येणार म्हणून. तो आला तेव्हा ही कमान उभी नव्हतीच. जॉर्ज विटेटचा आराखडा मंजूर झाला १९१४ मध्ये आणि उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ ला. मामांना ह्यातलं शेवटचं प्रकरण जास्त आवडतं: २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी ह्याच कमानीखालून चालत जाऊन बोटीत बसली. "यायला उशीर झाला आणि जायची वेळ बरोबर साधली," असा त्यांचा शेरा. सई तोवर कबुतरांत. ताजच्या समोर मामींनी एक फोटो काढून घेतला, शिवाजी महाराजांच्या पुतळ्यासमोर एक. ताज गेटवेच्या आधीचं, १९०३ चं. फोटोत मागे असतं म्हणून आपल्याला ते धाकटं वाटतं.

लाँचवर आधी लाइफ जॅकेट. डिसेंबर २०२४ मध्ये ह्याच मार्गावर बोटीचा मोठा अपघात झाला, तेव्हापासून ह्यात चालढकल चालत नाही. आणि चालूही नये. मामींना नारिंगी जॅकेट इरकलीवर घालायचं अगदी जिवावर आलं होतं, पण घातलं. थोडे पैसे जास्त देऊन वरच्या मजल्यावर बसलो. किनारा सुटला की मुंबईचा एक भाग दिसायला लागतो जो जमिनीवरून दिसत नाही: नौदलाच्या करड्या बोटी, नांगरलेली मालवाहू जहाजं, तेलाच्या टाक्यांचं जवाहर द्वीप, पलीकडे न्हावा-शेव्याच्या बंदरातल्या क्रेन. ही बंदराची मुंबई, जिच्यामुळे बाकीची मुंबई झाली. हिवाळी सीगल आलेले होते. लाँचच्या कठड्याबरोबर उडतात, लोक वेफर भिरकावतात आणि ते हवेतच झेलतात. खायला घालू नये असं माझं मत आहे, पण सईसमोर ते टिकलं नाही.

धक्क्यापासून पायथ्यापर्यंत खेळण्यातल्यासारखी छोटी गाडी आहे. अंतर चालण्याजोगं आहे, तरी पायऱ्यांसाठी दम राखायचा म्हणून आम्ही गाडीत बसलो. ग्रामपंचायतीचा छोटा कर भरला की पायऱ्या सुरू. दोन्ही बाजूंना दुकानं, वर ताडपत्र्या, त्यामुळे ऊन लागत नाही. माळा, दगडी हत्ती, टोप्या, काकड्या, कैऱ्या. डोलीवाल्यांनी मामींना घेरलं. खुर्चीला दोन दांडे बांधलेले, चौघे उचलतात. मामी थांबल्या, त्यांच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "बाबांनो, मी बसले तर तुम्ही खाली याल." मग माझा हात धरून, प्रत्येक दुकानापाशी भाव विचारत, काहीही न घेता, त्या वर पोचल्या. भाव विचारण्यात गुडघ्याला विश्रांती मिळते, ही युक्ती मला ठाऊक नव्हती.

तिकीट मोठ्यांना ४० रुपये, पंधरा वर्षांखाली फुकट. आणि मग पहिलं लेणं.

बाहेरच्या उजेडातून आत गेलं की सुरुवातीला नुसते खांब कळतात. मग डोळे सरावतात आणि समोरच्या, दक्षिणेकडच्या भिंतीत तो वर येतो. तीन मुखं, छातीपर्यंतच, सुमारे वीस फूट उंच. बाकीचं शरीर डोंगरातच आहे असं वाटावं असं खोदलेलं. सहाव्या शतकाच्या आसपासचं काम. आपण त्याला त्रिमूर्ती म्हणतो, जाणकार सदाशिव म्हणतात, कारण तिन्ही मुखं शिवाचीच. आपल्या डाव्या हाताला अघोर, मिशांचा, कपाळाला आठी. उजव्या हाताला वामदेव, बाईसारखा कोवळा चेहरा, हातात कमळाची कळी. मधला डोळे मिटून. त्या मधल्याच्या खालच्या ओठावर मामांचं बोट थांबलं, म्हणजे लांबून हवेतच. "हे पुस्तकात दिसत नाही." खालचा ओठ जाड आहे, किंचित पुढे आलेला, आणि कोपऱ्यात हसू सुरू व्हायच्या बेतात थांबलंय. छापील चित्रात तो भाग नेहमी काळा येतो. मास्तर असताना त्यांनी ह्या मुखाला गंभीर म्हणून शिकवलं होतं. आता तिथंच उभं राहून त्यांनी सईला सांगितलं, गंभीर नाही, खूष आहे तो.

बाकीचे शिल्पपट फुटलेले आहेत, पोर्तुगीजांच्या काळात त्यांची फार नासधूस झाली. अर्धनारीश्वर, गंगाधर, कैलास हलवणारा रावण, अंधकासुरवध. हात नाहीत, पाय नाहीत, तरी जोर दिसतो. मामी मात्र शंकर-पार्वतीच्या लग्नापुढून हलेनात. पार्वती शंकराच्या उजव्या बाजूला, मान खाली, अंग थोडं मागे ओढलेलं. "हिला मागून कोणीतरी ढकलतंय बघ पुढे. आमच्यातही अशीच एखादी मावशी असते." तिथल्या मार्गदर्शकानं इंग्रजी टोळीला पाच मिनिटं जे समजावलं त्यात ही मावशी नव्हती.

सईचा प्रश्न रास्त होता: ह्याला एलिफंटा म्हणतात तर हत्ती कुठाय? हत्ती होता, मोठा दगडी, पोर्तुगीजांनी त्याच्यावरून नाव दिलं. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो उचलून न्यायचा घाट घातला तेव्हा क्रेनची साखळी तुटली, हत्ती पडून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईला आणून पुढे जोडले. तो हत्ती आज भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर उभा आहे. हे ऐकून मामांनी माझ्याकडे असं बघितलं की राणीची बाग यादीतून उडवणारी मीच ती.

बाहेर सावलीत दशम्या सोडल्या. घारापुरीची माकडं प्रसिद्ध आहेत, मी आधी सांगितलं होतं, आणि मामींनी दशम्या पदराखाली धरल्या होत्या. भडंग मात्र सईच्या मांडीवर. एक थोराड माकड शांतपणे आलं, घाई नाही, गडबड नाही, पाकीट उचललं आणि भिंतीवर जाऊन बसलं. दातानं कोपरा फाडला. आधी शेंगदाणे वेचले, एकेक, मग कढीपत्ता हुंगून फेकला, मग लसणाची एक तळलेली पाकळी तोंडात टाकून थांबलं. कुरमुरे त्याला पसंत नसावेत, ते वाऱ्यावर सोडले. मामींना पाकिटाचं दुःख नव्हतं. "तिखट आहे रे," असं त्या त्याला दोनदा म्हणाल्या. सई इतकी हसली की उचकी लागली.

साडेबाराची लाँच, दीडला गेटवे. कुलाब्यात एका उडप्याकडे थाळ्या घेतल्या. पंख्याखाली अर्धा तास कुणी कुणाशी बोललं नाही. जेवणाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, ताक चांगलं होतं.

म्युझियम म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय, रीगलच्या चौकापासून दोन मिनिटांवर. हेही विटेटचं, गेटवेवालाच. पायाभरणी १९०५, लोकांसाठी उघडलं १९२२. मधल्या काळात, पहिल्या महायुद्धात, इथं लष्कराचं इस्पितळ होतं. सगळं संग्रहालय दीड तासात बघता येत नाही, तो नाद सोडावा आणि दोन-तीन दालनं धरावीत. मामांनी शस्त्रं धरली आणि अकबराच्या चिलखतापुढे बराच वेळ घालवला. सईनं भुसा भरलेले पक्षी धरले. मामी मधल्या दालनात बाकावर बसल्या आणि वर बघत राहिल्या. थोड्या वेळानं त्यांनी मला बोलावलं. "ह्या कमानी बघ. अशा एकीत एक अडकलेल्या. हे विजापूरचंच नव्हे का?" घुमट गोवळकोंड्याच्या धर्तीचा, पण आतल्या कमानी गोलघुमटावरूनच बेतलेल्या आहेत. मामांना त्या आधी दिसल्या नव्हत्या, त्यामुळे सकाळच्या पोस्टाचा हिशेब मामींनी चुकता केला. मधल्या सज्जाचे लाकडी खांब आणि कठडे जुन्या मराठी वाड्याच्या थाटाचे आहेत, तेही त्यांनीच दाखवलं. "आमच्या माहेरी अस्सेच होते. विकले."

चारनंतर बाहेर. काळा घोडा ओलांडून महात्मा गांधी रस्त्यानं हुतात्मा चौक, सावकाश पंधरा मिनिटं. डावीकडे डेव्हिड ससूनचं वाचनालय लागतं, आत डोकावलं तर आरामखुर्च्यांत माणसं वर्तमानपत्रं तोंडावर घेऊन झोपलेली दिसतील. चौकात फ्लोराचं कारंजं १८६४ चं आणि बाजूला हातात मशाल घेतलेली शेतकरी-कामगारांची जोडी. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १०६-१०७ माणसं गेली. १९५५ च्या नोव्हेंबरात इथं गोळीबार झाला. १९६० च्या १ मे ला राज्य झालं. मामांचा जन्म त्याच्या आधीचा, त्यांच्या जन्मदाखल्यावर मुंबई राज्य आहे. "मला मुंबई मिळवायला वेगळं काही करावं लागलं नाही, मी तीत जन्मलोच," असं ते म्हणाले आणि मग टोपी काढून उभे राहिले. कार्यालयं सुटायला लागली होती. गर्दी त्यांना वळसा घालून जात होती, कुणी धक्का दिला नाही.

इथून वीर नरिमन रस्त्यानं पश्चिमेला वळलं की दोन मिनिटांत ओव्हल. माझ्या मते एका दिवसाच्या मुंबईत दुसरं काही गाळलं तरी चालेल, संध्याकाळी पाचचं ओव्हल गाळू नये. मैदानाच्या पूर्वेला हायकोर्ट आणि विद्यापीठ, कळसांची, टोकदार कमानींची एकोणिसाव्या शतकातली रांग. पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या गोल बाल्कन्यांच्या, आडव्या पट्ट्यांच्या इमारती. मध्ये एकाच वेळी दहा-बारा क्रिकेटच्या मॅच, एकीचा चेंडू दुसरीत. दोन्ही रांगा मिळून २०१८ साली जागतिक वारसा झाल्या. उतरतं ऊन थेट पूर्वेच्या रांगेवर पडतं आणि राजाबाई टॉवर मधाच्या रंगाचा होतो. २८० फूट, १८७८ मध्ये पुरा, प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावानं पैसे दिलेला.

आणि हे बघत असताना मामांना कोपऱ्यावरची पाटी दिसली. कर्मवीर भाऊराव पाटील मार्ग.

ते थबकले. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली. ज्या माणसानं १९१९ मध्ये कऱ्हाडजवळ काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, ज्याच्या वसतिगृहांत जातपात न बघता पोरं एका पंगतीत जेवली, ज्याच्या संस्थेत मामांची उभी नोकरी गेली, त्याचं नाव हायकोर्टाच्या दारातल्या रस्त्याला. मी ह्या रस्त्यानं कितीदा गेले आहे, माझ्या लेखी तो जुना मेयो रोड. मामांनी सईला पाटीखाली उभं केलं, मग मामींना, मग एका वकिलाला थांबवून चौघांचा फोटो काढायला लावला. गेटवेला त्यांनी स्वतःचा एकही फोटो काढू दिला नव्हता. "कुंभोजचा माणूस," ते त्या वकिलाला सांगत होते. "१८८७ चा जन्म. तुमच्या त्या बोरीबंदरच्या बारशाचं साल." वकिलाला गाडी गाठायची होती, तरी त्यानं ऐकून घेतलं.

चर्चगेटच्या अलीकडे-पलीकडे फार वेळ घालवला नाही. मरीन ड्राइव्हकडे जाताना के. रुस्तमकडे दोन वेफरांत ठेवलेली आइस्क्रीमची वडी घेतली. ती भराभर खावी लागते, सईची कोपरापर्यंत ओघळली. सहाच्या आत कठड्यावर जागा मिळाली. सूर्य सहा वाजून गेल्यावर बुडाला. धुरकट होतं, पाण्याला टेकायच्या आधीच तो नाहीसा झाला, तेव्हा पोस्टकार्डासारखा सूर्यास्त मिळालाच असं मी सांगणार नाही. पण वारा होता, मामींनी बूट काढून पाय मोकळे सोडले होते, आणि उजवीकडे गिरगाव चौपाटीच्या वर मलबार हिलचे दिवे लागत होते. त्या टेकडीवर, त्या झाडांत बूट आहे, असं मी दाखवलं. मामींनी डोळे बारीक केले. "दिसत नाही." मग म्हणाल्या, "असेल, असेल. सातवीत असताना आत चढले तेव्हा खिडकीतून हाच समुद्र दिसला होता." चौपाटीवर लोकमान्यांवर अंत्यसंस्कार झाले, १ ऑगस्ट १९२० ला, हे मामांनी सांगितलं. सईनं समुद्रात पाय घालता येत नाहीत म्हणून तक्रार केली. कठड्यापलीकडे सिमेंटचे ते चार पायांचे ठोकळे आहेत, त्यांवर उतरू नये. निसरडे असतात आणि भरतीला माणूस अडकतो.

पावणेसातला उठलो. चर्चगेटहून भुयारी मेट्रो, हुतात्मा चौक आणि मग छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, दोन स्टेशनं, दहा रुपये. खाली जायला लिफ्ट आहे, हे मामींना दिवसभरातलं सगळ्यात मोठं सुख वाटलं. सई गाडीत पुढच्या डब्यापर्यंत चालत गेली आणि परत आली, तोवर उतरायची वेळ. संध्याकाळी हेच अंतर टॅक्सीनं कितीत कापलं असतं ते ड्रायव्हरच्या नशिबावर आहे.

वर आलो तर स्टेशनच्या इमारतीवर दिवे सोडलेले. मामा पाहायला थांबले, मामी क्लोकरूमच्या रांगेत. ती रांग अर्धा तास चालली, आठ-वीसच्या गाडीला ते फार होतं. साडेसातच्या आत रांगेत उभं राहावं, ह्याहून उशीर करू नये. वडापाव बांधून घेतले. आठला गाडी लागली.

डब्याच्या दारातून मामांनी विचारलं, "घारापुरीत आपण गेलो ते एकच लेणं ना? बाकीची चार?" त्या डोंगरावरच्या पाच लेण्यांपैकी एकच, हो. बाकीची अर्धवट आहेत म्हटलं. "अर्धवट म्हणजे कशी खोदायची ते त्यांतच कळणार की," ते म्हणाले, आणि गाडी हलली.

शुक्रवार

सकाळी आठला फोन. गाडी वेळेवर पोचली, मामींचे गुडघे ठीक आहेत, पोटऱ्या दुखतायत. सई झोपली आहे, शाळा अजून सुरू व्हायचीय. मामांनी रात्री वरच्या बर्थवर बसून पुढची यादी केली होती आणि ती वाचून दाखवली. पहिलं नाव राणीची बाग, कारण हत्ती. मी म्हटलं, बुधवारी येऊ नका, बाग बंद असते. त्यांनी ते लिहून घेतलं. दुसरं सिद्धिविनायक, कारण शब्द दिलाय. तिसरं बूट.

"आणि जुहू?" मी विचारलं.

"जुहू राहू दे," मामा म्हणाले. "समुद्र बघून झाला."

मागून सईचा झोपाळू आवाज आला, की बंगला जुहूला नाही, बांद्र्याला आहे.